अचानक आलेले पैसे आणि जुनी देणी



सकाळची मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीतून बाहेर पडत होतो. आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ दाराशी उभे होते. हातात जाडसर पाकीट. "फादर, हॉलच्या बांधकामासाठी एकवीस हजार आहेत. देवाचा दहावा भाग," ते म्हणाले आणि पाकीट पुढे केले. मी हात पुढे करणार तोच त्यांनी ते किंचित मागे घेतले. "पण आधी एक विचारायचं होतं."

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा करतो. हे बोलणे पापनिवेदनातले नव्हते, व्हरांड्यातल्या बाकावरचे होते. त्या गृहस्थांची आणि त्यांच्या पत्नीची परवानगी घेऊन, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, मी ते येथे मांडत आहे. "आमच्यासारखे अजून पुष्कळ असतील, लिहा," असे त्या बाईंनीच सांगितले.

झाले होते असे. त्यांच्या दिवंगत वडिलांची एक जुनी मुदत ठेव होती, तिची घरात कोणालाच माहिती नव्हती. रिझर्व्ह बँकेने २०२३ साली 'उद्गम' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. निरनिराळ्या बँकांत पडून राहिलेल्या, कोणी दावा न केलेल्या ठेवी तेथे नावावरून शोधता येतात. दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करते, पण वारसांचा हक्क त्यामुळे बुडत नाही. (आपल्यापैकी कोणाचे वडील-आजोबा कागदपत्रे ट्रंकेत ठेवून गेले असतील तर एकदा अवश्य शोधावे.) तर भाच्याने सहज नाव टाकून पाहिले आणि ठेव सापडली. व्याज धरून रु. ४,२०,०००.

पहिला पेच तेथेच उभा राहिला. बँकेने सर्व वारसांच्या सह्या मागितल्या. आई हयात नाही, एक बहीण आहे, लग्न होऊन सासरी गेलेली. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. भावाने कागद पुढे करायचा, बहिणीने रक्कम न विचारता सही करायची आणि वर "माहेर तुटायला नको" असे म्हणायचे. आपणा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही, हे आपण सोयीने विसरतो. या गृहस्थांनी मात्र बहिणीला आकडा सांगितला आणि अर्धी रक्कम तिची आहे हेही सांगितले. तिने ती घेतली. त्यांना मनातून थोडे वाईट वाटले, हेही त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले. पण घबाड हाती आले की 'याचे काय करू?' या प्रश्नाच्या आधी 'यातले माझे किती?' हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर त्यांनी मला भेटण्यापूर्वीच नीट दिले होते.

उरले रु. २,१०,०००. आता देणी ऐका. मुलीच्या लग्नात क्रेडिट कार्डावर केलेला खर्च साचत साचत रु. ९०,००० झालेला. पत्नीचे दागिने गहाण ठेवून काढलेले सोनेतारण कर्ज रु. १,२०,०००. सहा वर्षांपूर्वी, घराचे काम अडले तेव्हा साडूकडून हातउसने घेतलेले रु. ८०,०००, कागद नाही, व्याज नाही. त्याच कामाच्या गवंड्याची राहिलेली मजुरी रु. १८,०००. आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची उधारी रु. ११,०००.

त्यांचा प्रश्न असा होता. भाचा बँकेत नोकरीला आहे, त्याने पाच मिनिटांत हिशेब करून दिला. ज्या कर्जाचे व्याज सर्वांत जास्त ते आधी फेडायचे. कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तीन हजारांच्या वर रुपये दरमहा नुसतेच जातात. त्यानंतर सोनेतारण. नव्वद हजार अधिक एक लाख वीस हजार, बरोबर दोन लाख दहा हजार. हिशेब चुकता. साडू, गवंडी आणि दुकानदार व्याज घेत नाहीत, ते थांबतील. "पण फादर, त्यात देवाचा वाटा राहतच नाही," ते म्हणाले. "म्हणून म्हटलं, आधी देवाचा बाजूला काढू, मग बाकीच्यांचं बघू. बरोबर ना?"

खरे सांगायचे तर मला "बरोबर" म्हणायचे होते. हॉलचा स्लॅब टाकायचा आहे आणि तुम्ही दर रविवारी माझ्या तोंडून त्याच्याबद्दल ऐकताच. एकवीस हजार म्हणजे सिमेंटच्या पुष्कळ गोण्या. पण मी त्यांना चहासाठी आत बोलावले, कारण तेवढ्यात मला माझी स्वतःची एक जुनी गोष्ट आठवली.

माझ्या गुरुदीक्षेच्या वेळी आमच्या घरी मोठा मांडव पडला होता. घरातला पहिला धर्मगुरू, म्हणून वडिलांनी साऱ्या गावाला जेवण दिले. पहिल्या मिस्सेनंतर लोकांनी हातात पाकिटे दिली. रात्री मोजली तेव्हा बासष्ट हजार रुपये निघाले. एवढे पैसे मी आयुष्यात एकत्र पाहिले नव्हते. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलेला मी, अंगात गरिबीच्या व्रताचा जोश. दुसऱ्याच आठवड्यात ते सगळे पैसे मी एका आदिवासी वसतिगृहाला देऊन टाकले. लोकांनी कौतुक केले. आई काही बोलली नाही. मांडवाचा आणि जेवणाचा खर्च वडिलांनी शेजाऱ्याकडून उसना घेतला होता, हे मला चार वर्षांनी समजले. ते फेडण्यासाठी दुभती म्हैस विकली गेली, आईच्या बांगड्या गेल्या. आणि त्या शेजाऱ्याला मधल्या काळात मुलाची कॉलेजची फी भरायला दुसरीकडून व्याजाने पैसे काढावे लागले. तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत न्याय आणि प्रीती यांवरचा प्रश्न मी चांगले गुण मिळवून सोडवला होता. घरी कोणाचे देणे आहे का, एवढा साधा प्रश्न मात्र विचारला नव्हता. 'आयजीच्या जिवावर बायजी उदार' ही म्हण शाळेत शिकलो होतो, ती माझ्यासाठीच आहे असे कधी वाटले नव्हते.

ज्या परीक्षेत गुण मिळवले, तिच्यात उत्तर स्पष्ट होते. संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात, आपल्या 'सुम्मा थिओलोजिए' या ग्रंथात, उपकार कोणावर आधी करावे याचा विचार करताना एक फरक दाखवतात. काही देणी अशी असतात की ती रक्कम देणेकऱ्याच्या मालमत्तेत धरायचीच नसते. ती त्याच्या खिशात असली तरी ज्याला द्यायची त्याचीच असते. अशा पैशातून दानधर्म करणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशातून करणे. ते एकच अपवाद मानतात. समोरच्या माणसाची निकड इतकी टोकाची असेल, की त्याला वाचवण्यासाठी दुसऱ्याची वस्तू उचलणेही योग्य ठरेल, तर गोष्ट वेगळी. आपल्या हॉलचा स्लॅब त्या अपवादात बसत नाही, हे मला कितीही वाटले तरी मान्य करावे लागते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही (परिच्छेद २४११) देणी फेडणे हे न्यायाच्या काटेकोर बंधनात घातले आहे. ऐच्छिक पुण्यकर्मांत त्याची गणना नाही.

आणि प्रभू येशूचे 'कुर्बान'विषयीचे कठोर शब्द मार्कच्या शुभवर्तमानात (अध्याय ७) आहेतच. आईवडिलांच्या पोषणासाठी जे द्यायचे ते देवाला अर्पण केले आहे असे सांगून मोकळे होणाऱ्यांना प्रभूने दांभिक म्हटले. देवाच्या नावाने माणसाचे देणे चुकवता येत नाही, आणि असे चुकवलेले देवाला पोचतही नाही.

पण त्या दिवशी आम्ही बराच वेळ बोललो ते दुसऱ्याच एका उताऱ्यावर. दुसरे राजे, अध्याय ४. संदेष्ट्यांच्या शिष्यवर्गातील एकाची विधवा अलीशाकडे रडत येते. नवरा देवभीरू होता, पण कर्ज ठेवून मेला, आणि आता सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला आला आहे. घरात एक तेलाची कुपी, बाकी काही नाही. अलीशा तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, थोडीथोडकी नव्हे, पुष्कळ. दार लावून ती ओतत राहते आणि भांडी संपेपर्यंत तेल संपत नाही. अचानक आलेले धन आणि डोक्यावर कर्ज, हाच आपला विषय.

या गोष्टीत मला तीन बाबी फार महत्त्वाच्या वाटतात. तेल घरात आल्यावर ती बाई लगेच बाजारात धावत नाही. ती परत जाऊन विचारते, आता काय करू? चमत्कार तिच्या घरात झाला, तेल तिचे, तरी ती विचारते. दुसरे, अलीशा स्वतःसाठी किंवा मंदिरासाठी त्यातले थेंबभरही मागत नाही. आम्हा धर्मगुरूंनी हे अधूनमधून वाचावे. तो आधी तेल विकून देणे फेडायला सांगतो आणि उरलेल्यावर तिने व मुलांनी निर्वाह करावा असे सांगतो. म्हणजे उरलेले वापरणे हे पाप नाही. कर्जबाजारी माणसाने एखाद्या रविवारी घरात बरे जेवण केले तर शेजाऱ्यांच्या भुवया उंचावतात, अलीशाच्या उंचावत नाहीत. आणि तिसरे माझ्या लक्षात फार उशिरा आले. ते तेल ज्यांत साठले ती भांडी उसनी होती. देवाची कृपासुद्धा तिच्या घरी शेजाऱ्यांच्या भांड्यांतून आली, आणि ती भांडी परत करायची होती.

हे ऐकल्यावर ते गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे भाच्याचा हिशेबच बरोबर. आधी बँका."

तेव्हा मला खरा पेच दिसला. भाच्याचा हिशेब चुकीचा नाही. सगळे धनको सारखेच असते तर मीही तोच सल्ला दिला असता. मुदत ठेवीवर सहा-सात टक्के मिळवायचे आणि कार्डावर चाळीसच्या वर भरायचे, यात कसलेही शहाणपण नाही. पण व्याजाचा दर एकच गोष्ट मोजतो. मी उशीर केला तर माझे किती नुकसान होते, एवढेच तो सांगतो. समोरच्याचे किती होते, हे सांगत नाही.

मी त्यांना विचारले, "साडूंनी ऐंशी हजार कुठून दिले होते?" ते रिक्षा चालवतात. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी साठवलेले होते, अडचण ऐकून काढून दिले. "मग मुलीच्या प्रवेशाचं काय झालं?" पतपेढीतून कर्ज काढले. आजही हप्ता भरतात, तेरा टक्क्यांनी. म्हणजे जे कर्ज 'बिनव्याजी' म्हणून यादीत शेवटी टाकले होते, त्याचे व्याज दरमहा भरले जात होते. फक्त भरणारा दुसरा होता. त्याने कधी मागितले नाही, कारण नाते तुटेल याची भीती. या गृहस्थांनीही गेली दोन वर्षे साडूंच्या घरच्या कार्यांना जाणे टाळले होते, कारण तोंड दाखवायची लाज. नाते तसे तुटलेच होते, नुसते बोलून दाखवले नव्हते.

गवंड्याचे तर त्याहून वाईट. गळतीचे कारण सांगून त्याची मजुरी अडवली होती. गळती त्याने येऊन दुरुस्त केली, तरी पैसे राहिलेच. अनुवादाच्या पुस्तकात (अध्याय २४) मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी अशी आज्ञा आहे. येथे सहा वर्षांचे सूर्य मावळले होते. मी हे बोललो तेव्हा ते म्हणाले, "फादर, त्याला दिले तरी तो दारूतच घालवणार." हे वाक्य मी अनेक चांगल्या घरांत ऐकले आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या आरंभी म्हातारा सेफॅलस सांगतो, की पैशाचा मोठा उपयोग हा की देवाचे किंवा माणसाचे देणे डोक्यावर घेऊन भीत भीत मरावे लागत नाही. त्यावर सॉक्रेटिस शंका काढतो, मित्राने ठेवायला दिलेले शस्त्र तो वेडा झाल्यावर परत मागू लागला तर द्यावे का? शंका योग्य आहे. पण ती वेड्याच्या हातातल्या शस्त्रासाठी आहे, घाम गाळणाऱ्याच्या मजुरीसाठी नाही. आपण आपल्या पगाराचे काय करतो, हे पाहून कंपनी पगार देते का?

मग ज्याचा दर शून्य ते आधी फेडायचे आणि कार्ड तसेच वाढू द्यायचे का? तेही नाही. कार्डाचे व्याज घरातल्या सगळ्यांच्या ताटातून जाते, आणि त्या ओझ्याखाली माणूस पुन्हा साडूकडेच हात पसरतो. आपल्या वसईत १९१८ साली कॅथलिक समाजाची सहकारी पतसंस्था उभी राहिली. तेव्हापासून सहकार आपल्या अंगवळणी पडला आहे, त्यामुळे 'बँकेला काय कमी आहे' असेही मी म्हणू शकत नाही. सहकारी बँकेतला पैसा शेजाऱ्याचाच असतो, आणि कर्जाला जामीन राहिलेला माणूस तर नावानिशी ओळखीचा असतो. हप्ते थकले की त्याच्या पगारावर गदा येते. या गृहस्थांच्या बाबतीत जामीनदार नव्हता. तुमच्या बाबतीत असेल तर त्याचे नाव यादीत वर लिहावे.

आम्ही कागद घेतला. गवंडी अठरा, दुकान अकरा, साडू ऐंशी, मिळून एक लाख नऊ हजार. कार्डाचे नव्वद. झाले एक लाख नव्व्याण्णव हजार. कार्ड बंद झाले की महिन्याचे तीन हजार सुटतात, ते सोनेतारणाकडे वळवता येतात. उरले अकरा हजार. सोनेतारण तसेच राहिले.

येथे मला वाटले की काम झाले. मी समाधानाने पेन खाली ठेवले. तेव्हा लक्षात आले की यादीत एक नाव नाहीच. ते दागिने कोणाचे? बाईंचे, त्यांच्या आईने दिलेले. दोघांनी मिळून ठरवलेल्या खर्चासाठी गेले हे खरे, पण गळा त्यांचा रिकामा झाला. नवऱ्याच्या यादीत ते 'बँकेचे कर्ज' होते, आणि माझ्याही. इतका वेळ आम्ही दोन पुरुष न्यायाची चर्चा करत होतो आणि जिचे सगळ्यांत जास्त अडकले आहे तिला कोणी विचारले नव्हते. मी त्यांना म्हटले, हा कागद घरी न्या, आणि त्यांना न पटल्यास फाडून टाका.

संध्याकाळी दोघे आले. बाईंनी कागद नीट वाचला होता. त्या म्हणाल्या, "गवंड्याचं आधी द्या. त्याची बायको मला मार्केटमध्ये दिसते, मी वाट बदलते. सोनं राहू दे." मग थोडे थांबून, "पण राहू दे म्हणजे विसरू नका. तारीख घाला." यावर माझ्याजवळच्या कोणत्याही पुस्तकात याहून चांगले उत्तर नव्हते. दोघांनी मिळून तीन वर्षांनंतरची, पास्काच्या आधीची तारीख घातली. हप्ता किती, तोही लिहिला. घरातल्या माणसाची उदारता गृहीत धरणे हीसुद्धा एक उधारी आहे, आणि तिचा कागद सहसा कोणी करत नाही.

गवंडी लगेच सापडला नाही. फोन नंबर बदललेला. ते कुटुंब पूर्वीच्या चाळीतून दुसरीकडे गेलेले. मध्यंतरी ते गृहस्थ मला भेटून म्हणाले, "सापडत नाही, मग ते अठरा हजार हॉलला देऊ का?" धनको मिळालाच नाही तर ती रक्कम त्याच्या नावे गरिबांना द्यावी असे संत थॉमस म्हणतात, पण आधी कसून शोध घ्यावा असेही म्हणतात. मी म्हटले, मार्केटमध्ये त्याची बायको दिसते ना? पुढच्या बुधवारी बाई स्वतः गेल्या आणि वाट बदलली नाही.

साडूंकडे दोघे मिळून गेले. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. एवढेच समजले की जेवून आले.

अकरा हजारांपैकी दहा हजार त्यांनी आजारपणासाठी वेगळे ठेवले, म्हणजे पुन्हा कार्ड काढायला नको. एक रविवार घरात पापलेट झाले. गेल्या आठवड्यात ते पुन्हा सॅक्रिस्टीच्या दाराशी आले, हातात पाकीट, या वेळी पातळ. आत दोनशे रुपये होते. मी ते घेतले आणि हॉलच्या निधीची पावती फाडून दिली.

तुमचा धर्मगुरू